उत्तराआधी आलेली शाबासकी

मंगळवार, दिनांक २ फेब्रुवारी २०३८, सकाळी दहा वाजून चार मिनिटे. चाचणी क्रमांक अठरा.

विलास टोणपे यांनी वहीत आधी ‘अपेक्षित : ३००’ असे लिहिले आणि मगच संगणकावरची कळ दाबली. मापकाकडे पाहण्यापूर्वी अपेक्षित मूल्य लिहून ठेवायचे, ही शिस्त त्यांना शासकीय तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत लागली होती. आधी आकडा पाहिला की मन लगेच म्हणते, हेच तर मला वाटत होते; आणि मग दोष सापडत नाही. वीजकेंद्राच्या चाचणी विभागात चौतीस वर्षे त्यांनी ही शिस्त मोडली नव्हती. निवृत्त होऊन अंबाजोगाईला घर बांधल्यावर पाण्याच्या पंपापासून मिक्सरपर्यंत सगळ्यांनाच ती लागू झाली होती.

पडद्यावर आकडा उमटला : ११.

करार तीनशे मेगाबिटचा आणि हाती अकरा. गेल्या दहा दिवसांत त्यांनी एका वेळी एकच बदल करून पाहिला होता. राउटर जिन्याखालून काढून बैठकीत आणला, वायफाय बंद करून संगणक थेट केबलने जोडला, केबल बदलली, घरातली इतर सगळी उपकरणे बंद ठेवली, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत वेगवेगळ्या वेळा घेतल्या. सर्वांत चांगला आकडा चौदा होता. ‘अखंड ब्रॉडबँड’च्या ग्राहक केंद्रातली मुलगी मात्र दर वेळी एकच सांगे, “सर, तुमच्या लाइनचा संवाद-गुण शंभर टक्के आहे. तुमचा एकही कॉल तुटलेला नाही.”

“कॉल तुटत नाही हो, पण उलटसुलट होतो,” विलासराव म्हणाले होते.

“उलटसुलट म्हणजे कसा, सर?”

ते त्यांना नीट सांगता आले नव्हते. सांगता येत नाही याचा अर्थ मोजलेले नाही, अशी त्यांची स्वतःपुरती समजूत होती.

अकरा वाजता शैलजाबाईंचा उपचार सुरू झाला. ऑक्टोबरात त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला, उजवा हात अधू झाला आणि बोलणे गेले. समजत सगळे होते. विलासरावांनी आमटीत मीठ कमी घातले तर कपाळावर आठी पडे, शेजारणीने आणलेल्या ब्लाउजची शिवण उसवलेली दिसली की बोट बरोबर तिथेच जाई. तीस वर्षे त्यांनी घरी शिवणवर्ग चालवला होता. फक्त शब्द ओठांपर्यंत येऊन अडकत. सरकारी पुनर्वसन योजनेतून नागपूरच्या केंद्रातली तन्वी बोरकुटे ही वाचा-उपचारक मंगळवारी आणि शुक्रवारी पडद्यावर येई, एकेक चित्र दाखवी आणि नाव विचारी.

“काकू, हे काय आहे? सावकाश सांगा.”

पडद्यावर कात्री होती. शैलजाबाईंनी डावी मूठ आवळली. “क... क...” त्यांची नजर छताला लागली.

“कात्री! एकदम बरोबर!” तन्वीचा आवाज आला.

शैलजाबाईंनी मूठ सोडली आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या. शब्द झालाच नव्हता. विलासरावांची आजवरची समजूत अशी, की पोरगी मायाळू आहे. अर्धे अक्षर आले तरी पूर्ण शब्द स्वतः म्हणून टाकते. आणि शाबासकी जर भलत्या वेळी येते आहे, तर तो लाइनच्या विलंबाचा दोष. म्हणूनच ते वेगामागे लागले होते.

तासाच्या शेवटी तन्वी त्यांच्याशी बोलली. “काका, आनंदाची बातमी आहे. काकूंचा गेल्या वेळचा गुण एकाहत्तर आला. नोव्हेंबरात रुग्णालयात समोरासमोर घेतला, तेव्हा तेरा होता! येत्या बारा तारखेला अंतिम चाचणी. पासष्टच्या वर गुण असला की योजनेत ‘बरा झालेला रुग्ण’ म्हणून फाइल बंद होते.”

“म्हणजे तुमचे तास बंद?”

“बंदच. पण चांगल्या कारणासाठी ना! आणि काकूंची ती लकब मला फार आवडते हं. मध्येच म्हणतात, ‘थोडक्यात सांगायचं तर’. मला हसूच येतं.”

पडदा बंद झाला. बेचाळीस वर्षांच्या संसारात शैलजाबाईंनी ‘थोडक्यात सांगायचं तर’ असे एकदाही म्हटले नव्हते. ते वाक्य विलासरावांचे स्वतःचे होते.

शुक्रवारी त्यांनी खिशातले घड्याळ टेबलावर काढून ठेवले आणि मुकाट्याने वेळा लिहिल्या. चित्र पंख्याचे होते. पाचव्या सेकंदाला शाबासकी आली. शैलजाबाई त्यानंतरही कुणासाठी नाही, स्वतःशीच झटत होत्या. चौदाव्या सेकंदाला अस्पष्टसा ‘पंखा’ बाहेर पडला. तोवर पडद्यावर पुढचे चित्र आले होते.

विलंबाच्या रकान्यात त्यांनी आकडा लिहिला : उणे नऊ सेकंद.

तार कितीही वाईट असो, ती गोष्ट उशिरा पोहोचवते. गोष्ट घडण्याआधी पोहोचवण्याची सोय कोणत्याही तारेत नाही. मोजणीत वेळ उणे आली, तर घड्याळ चुकलेले असते किंवा मध्ये दुसरे कोणीतरी बसलेले असते. घड्याळ त्यांनी तपासले. ते बरोबर होते.

मग वहीची मागची पाने काढली. प्रत्येक चित्रावर शैलजाबाई किती वेळ प्रयत्न करतात, हेही ते पहिल्या दिवसापासून टिपत आले होते. नोव्हेंबरात सरासरी एकतीस सेकंद, डिसेंबरात एकोणीस, जानेवारीअखेर सहा. आपण याचा अर्थ ‘लवकर जमू लागले’ असा लावला, हे आठवून त्यांना कानकोंडे झाले.

“शैला,” त्यांनी विचारले, “ती बरोबर म्हणते, तेव्हा तुझा शब्द झालेला असतो का?”

शैलजाबाईंनी मान हलवली. नाही. मग डाव्या हाताने मांडीवर टाळ्या वाजवल्यासारखे केले, पडद्याकडे बोट दाखवले आणि खांदे उडवले. टाळ्या मिळतच आहेत, तर कशाला जीव काढायचा?

शनिवारी ‘अखंड’चा लाइनमन अल्ताफ आला. पस्तिशीचा, अंगाने उंच, बोलण्यात मोकळा. त्याने फायबरचे टोक साफ केले, मापक लावले आणि हसला.

“काका, उजेड तर मस्त येतोय. उणे अठरा. लाइन ठणठणीत आहे तुमची.”

“मग अकरा का?”

“खरं सांगू का? या भागात एका फायबरवर बत्तीस घरं धरायची होती, कंपनीनं दीडशे जोडली. नवीन केबल टाकायची तर रस्ता खोदावा लागतो. त्यापेक्षा तुटलेलं बोलणं स्वतःच भरून काढणारं ते पूर्तीचं मशीन बसवलं. लोकांचे कॉल गुळगुळीत चालतात, मग तक्रार करतंय कोण? तुमच्यासारखं मोजून बघणारं गिऱ्हाईक मला पहिलंच भेटलं बघा.”

“हे पूर्तीचं मशीन बंद करता येतं?”

“घरगुती प्लॅनमध्ये नाही. तुम्हीच सही केली की, फॉर्मच्या सातव्या पानावर.”

विलासरावांनी कपाटातून फॉर्म काढला. सातव्या पानावर ‘संवादपूर्ती’ नावाचे कलम होते आणि त्याखाली त्यांची ठसठशीत सही. शैलजाबाईंच्या नावापुढेही त्यांनीच खूण केली होती. वीजकेंद्रात एकही कागद न वाचता ज्यांनी सही केली नाही, त्यांनी घरचा कागद न वाचता सही केली होती.

त्या रात्री जेवणापूर्वीचे दोन तास त्यांनी कंपनीची तांत्रिक पुस्तिका वाचण्यात घालवले. मूळ कल्पना जुनीच होती. आवाज तारेतून सलग जात नाही. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे रवाना होतो. एखादा वाटेत हरवला, तर पलीकडचे यंत्र आधीच्या तुकड्यावरून अंदाज बांधून फट बुजवते. एवढी लहान फट कानाला कळत नाही आणि बुजवण्यात कोणाचे नुकसानही नाही.

पण यंत्रे शहाणी होत गेली तशी बुजवायची फट मोठी होत गेली. आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य. संवादपूर्तीचे यंत्र प्रत्येक घरातल्या आणि त्या घराशी बोलणाऱ्या माणसांचे आवाज, चेहरे आणि बोलण्याच्या सवयी शिकून ठेवी. त्यानंतर पूर्ण चित्र आणि पूर्ण आवाज पाठवण्याची गरजच उरत नसे. चार खुणा पाठवल्या की पलीकडे माणूस उभा राही, ओठांच्या हालचालींसह. खुणा थांबल्या तर यंत्र बोलणे पुढे चालू ठेवी. समोर दाखवलेले चित्र कात्रीचे आहे हे त्याला दिसत असे, ‘क’ ऐकू आलेला असे. उरलेले काम त्याच्या दृष्टीने सोपे होते.

अडचण एकच होती. शांतता आली, की ती तारेतली आहे की माणसातली, हे ओळखण्याचे साधन त्या यंत्राजवळ नव्हते. शैलजाबाई शब्द शोधत थांबत. यंत्राच्या हिशेबी लाइन अडखळलेली असे. ते इमानाने तिची दुरुस्ती करत होते.

आणि ते शिकले कोणाकडून? या घरातल्या दोन वर्षांच्या कॉलवरून. त्यांत शैलजाबाई एक वाक्य सुरू करत आणि ते विलासराव पूर्ण करत. डॉक्टरांपुढे, व्याह्यांपुढे, मुलीपुढेसुद्धा. ‘तिला म्हणायचंय काय, थोडक्यात सांगायचं तर...’ यंत्राने सरासरी काढली होती आणि सरासरीत नवराच जास्त निघाला होता. विलासरावांनी पुस्तिका मिटली.

रविवारी मुलीचा, सोनलचा, बंगळुरूहून कॉल आला. आईशी बोलून झाल्यावर विलासरावांनी फोन घेऊन तिला सगळे सांगितले.

पलीकडे बराच वेळ काही नव्हते. ही शांतता कोणाची, हा प्रश्न त्यांना आता पहिल्यांदा पडला.

“बाबा, आत्ता आई मला म्हणाली, ‘जेवलीस का गं, वाळलीस किती.’”

“ती फक्त ‘जे’ म्हणाली, बाळा. मी शेजारी होतो.”

“मग मला ते सांगायची काय गरज होती?” तिचा आवाज चढला. “चार महिन्यांनंतर कुठे मला माझी आई रविवारी भेटायला लागली. तुम्हाला काय, दोष सापडला की झालं! मशीन असेल ते, पण त्यालाही माहितीये ती हेच म्हणाली असती.”

“ती काय म्हणाली असती, हे तिलाच म्हणू द्यायला हवं ना?”

“आणि नाही म्हणता आलं तर?”

खरा प्रश्न त्याहून अवघड होता. योजनेचा नियम त्यांनी पाहून ठेवला होता. पासष्टच्या वर गुण गेला तर रुग्ण बरा म्हणून उपचार बंद. पण मूळ गुणात चारची तरी भर पडली नाही, तर ‘सुधारणा नाही’ म्हणूनही बंद. मूळ गुण तेरा होता. म्हणजे बारा तारखेला खऱ्या लाइनवर शंभर चित्रांपैकी किमान सतरा शब्द आले, तरच आणखी चोवीस आठवडे मिळणार. सोळा आले, तर काहीच नाही. एकाहत्तरचे प्रमाणपत्रही गेलेले असेल.

सोमवारी त्यांनी दुसऱ्या कंपन्यांची चौकशी केली. ‘त्वरा’चा विक्रेता तर हर्षानेच बोलत होता. “काका, आमच्याकडे वाट बघणं हा प्रकारच नाही! तुम्ही बोलायच्या आत पलीकडे पोहोचतं.”

“तीच तर माझी तक्रार आहे,” विलासराव म्हणाले आणि फोन ठेवला.

शेवटी अल्ताफनेच खासगीत नाव सुचवले. मंडी चौकातला हंगे. त्याचे जुने केबलचे जाळे होते, वेग जेमतेम आठ मेगाबिट आणि पूर्तीबिर्ती काही नाही. मशीन घ्यायला त्याच्याकडे पैसेच नव्हते. “पण काका, चित्र अडकेल, आवाज तुटेल. नंतर मला शिव्या घालू नका.”

मंगळवारी, नऊ तारखेला, विलासरावांनी तन्वीला एक विनंती केली. वीस चित्रे दाखवायची, काकूंचा जो शब्द ऐकू येईल तो उच्चारायचा नाही. वेळ घालून मोबाइलवर संदेश लिहून पाठवायचा. लिहिलेल्या अक्षरांत हे यंत्र हात घालत नसे. इकडे ते शैलजाबाईंचा प्रत्यक्ष शब्द टिपणार होते.

वीस चित्रांनंतर त्यांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. तन्वीने पंधरा शब्द ऐकले होते. शैलजाबाईंनी चार म्हटले होते.

त्यांनी यादीचे छायाचित्र तन्वीला पाठवले. पडद्यावर ती हसत बोलतच राहिली, “छान झालं आज, काका!” आणि त्याच क्षणी मोबाइलवर तिचा संदेश आला : ‘काका, मला दोन मिनिटं द्या. मला काही सुचत नाहीये.’ विलासरावांनी पडद्यावरचा तो हसरा चेहरा बंद केला. तीन महिन्यांतल्या शाबासक्यांपैकी तिच्या स्वतःच्या किती, हे आता कोणालाच मोजता येणार नव्हते.

थोड्या वेळाने तिचा साधा फोन आला. आवाज बसलेला होता. “चूक माझी पण आहे, काका. एवढी झपाट्यानं सुधारणा होत नसते, हे मला कळायला हवं होतं. गुण चढत होते, वरचे साहेब खूश होते. मी विचारलंच नाही. आता काय करू या? जुना अहवाल मी रद्द करू शकते, पण मग बारा तारखेला जो गुण येईल तोच धरला जाईल.”

“ते मी एकट्यानं ठरवणार नाही,” विलासराव म्हणाले.

त्यांनी खुर्ची ओढून शैलजाबाईंसमोर घेतली आणि सगळे सांगितले. यंत्र, सही, एकाहत्तर, सतरा. नेहमीसारखे शेवटी निष्कर्ष काढायला ते निघाले होते; त्यांनी तोंड मिटून घेतले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत राहिला. शैलजाबाईंचे डोळे भरले, मग त्यात राग आला. तो यंत्रावर होता की सहीवर, हे विचारण्याचे धाडस विलासरावांना झाले नाही. मिनिटभराने शैलजाबाईंनी डावा हात लांब करून राउटरची केबल धरली, ओढली आणि ती हातात आली नाही म्हणून पुन्हा जोराने ओढली.

हिरवा दिवा विझला.

बुधवारी दुपारी हंगे स्वतः शिडी घेऊन आला आणि गच्चीवरून काळी केबल खाली सोडून गेला. चाचणी घेतली तेव्हा विलासरावांनी ‘अपेक्षित : ८’ लिहिले होते; आकडा ७ आला. संध्याकाळी सोनलने कॉल केला. चित्र थिजत होते, आवाज तुटत होता. शैलजाबाई बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या आणि अखेर “सो...” एवढेच म्हणाल्या. पलीकडे सोनल रडली की चित्र अडकले, हे कळले नाही. तिने कॉल मात्र तोडला नाही. अर्धा तास दोघी नुसत्या एकमेकींकडे पाहत होत्या. दोनदा शैलजाबाई हसल्या.

शुक्रवार, बारा तारीख. शंभर चित्रे, प्रत्येकाला एक मिनिट. नियमाप्रमाणे रुग्णाबरोबर एक माणूस बसू शकत होता, पण त्याने बोलायचे नव्हते. विलासरावांनी या वेळी वहीत अपेक्षित मूल्याची जागा कोरी सोडली. आयुष्यात पहिल्यांदाच.

पहिल्या वीस चित्रांत दोन शब्द आले. तन्वी प्रत्येक चित्रानंतर पूर्ण मिनिट थांबत होती, आणि ती थांबते आहे हे कळल्यावर शैलजाबाईही थांबू लागल्या. प्रयत्नाची वेळ आपोआप वाढली : बारा सेकंद, सव्वीस, चाळीस. पन्नासाव्या चित्राला सात शब्द झाले होते. मध्ये दोनदा लाइन गेली. हंगेला फोन करावा लागला. ऐंशीला तेरा. नव्वदला पंधरा. अठ्ठ्याण्णवला सोळा. नव्याण्णवावे चित्र नांगराचे होते आणि शैलजाबाईंच्या ओठांवर ‘न’ येऊनही पुढे काही सरकले नाही.

शंभरावे चित्र कुलपाचे.

त्यांच्या कपाळाला घाम आला होता. दहा सेकंद गेले. वीस. पडद्यावरची तन्वी निश्चल होती. ती वाट पाहत होती की लाइन अडकली होती, ते समजायला मार्ग नव्हता. “कु...” शैलजाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. पस्तीस. विलासरावांच्या घशात तो शब्द पूर्ण तयार होता. त्यांचे ओठ नकळत विलग झाले.

शैलजाबाईंनी डावा तळवा त्यांच्या तोंडापुढे धरला.

“थांबा,” त्या म्हणाल्या.

शब्द स्वच्छ होता. त्यांची जुनी, शिवणवर्गात मुलींना दटावतानाची धार त्यात होती. तो यादीतला नव्हता, त्यामुळे त्याला गुण नव्हता. विलासराव थांबले.

बावन्न. त्रेपन्न. शैलजाबाईंनी डोळे मिटले.

“कु... लूप.”

पडद्यावरचा चेहरा हलला नाही. कोणीही काही म्हटले नाही. शैलजाबाईंनी डोळे उघडले आणि नवऱ्याकडे पाहिले. त्यांनी फक्त होकारार्थी मान हलवली. अकरा सेकंदांनी चित्र एक झटका देऊन पुढे सरकले. तन्वीच्या गालांवर पाणी होते आणि ती वाकून कागदावर काहीतरी लिहीत होती.

अहवाल दुपारी पावणेदोनला आला. दोन पानी होता. पहिल्या पानावर जुना गुण रद्द केल्याची नोंद आणि त्याची कारणे होती, दुसऱ्या पानावर तन्वीची सही आणि त्याखाली नवा गुण.

शंभरपैकी सतरा.